प्रदर्शनात बुक केलेला प्रेशर पंप: २०० बारच्या पाटीमागचा हिशेब

हा व्यवहार तालुक्याच्या गावातल्या दोन रॅम्पच्या एका वॉशिंग सेंटरचा आहे. मालकाचं आणि गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मशीन विकणाऱ्याचं नावही नाही, कारण अशा पद्धतीने विकणारा तो एकटा नाही. मोशी असो, चिंचवडचं ऑटो क्लस्टर असो की गोरेगावचं नेस्को, मोठ्या हॉलमध्ये चांगल्या कंपन्यांच्या शेजारीच असा एखादा स्टॉल लागू शकतो. आयोजक जागा भाड्याने देतात, स्टॉलवरच्या मालाची हमी देत नाहीत.

रविवार हा गाड्या धुण्याचा सगळ्यात कमाईचा वार. तो बुडवून हा मालक प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी पोहोचला. स्टॉलवर पाटी होती: २०० बार (बार म्हणजे दाबाचं माप), १५ लिटर प्रति मिनिट, ३ एचपी, सिंगल फेज, ब्रास हेड पंप. सोबत स्टीलची फोम टाकी फुकट. किंमत १,३५,००० खोडून ९४,००० लिहिलेली, आणि ‘हा भाव संध्याकाळी सहापर्यंतच’. समोर चिखल लावलेलं एक मडगार्ड होतं. गन मारली की पाच सेकंदांत चिखल साफ. टोकन म्हणून २५,००० रुपये क्यूआर कोडवर गेले, हातात प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे कच्चं बिल, आलं. उरलेले ६९,००० ‘माल निघायच्या आधी’ मागितले. तेही गेले, मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला.

बारा दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये जो खोका आला त्यात पंपाचं हेड पितळेचं नव्हतं, अ‍ॅल्युमिनियमवर सोनेरी रंग दिलेला होता. मोटरवर कोरलेली प्लेट नव्हती, छापील स्टिकर होतं. २० लिटरची बादली भरायला २ मिनिटं १० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला साधारण सव्वानऊ लिटर. फोन आधी ‘सर्व्हिसवाला पाठवतो’ म्हणाला, मग उचलणं बंद झालं.

यात वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. ही फसवणूक स्टॉलवर उभ्या उभ्या, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ओळखता आली असती. प्रेशर पंपाला किती ताकद लागते याचं गणित ठरलेलं आहे: बार गुणिले लिटर, भागिले ६००. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. २०० गुणिले १५ म्हणजे ३०००, भागिले ६०० म्हणजे ५ किलोवॅट. ही झाली पाण्याला मिळायला हवी ती ताकद. पंपात थोडी वाया जाते, म्हणून ०.८५ ने भागायचं, की मोटरच्या शाफ्टवर जवळपास ५.९ किलोवॅट लागतात. ३ एचपीची मोटर देते २.२ किलोवॅट. म्हणजे पाटीवरचा आकडा खरा असायला कमीत कमी आठ एचपीची आणि थ्री फेजवरची मोटर हवी. ३ एचपीवर १५ लिटर पाणी हवं असेल तर दाब ७५ बारच्या वर जात नाही. आणि २०० बार हवे असतील तर पाणी साडेपाच लिटरच मिळतं. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वेळी खरे असू शकतात. एकाच वेळी नाही.

प्रामाणिक विक्रेता ३ एचपीवर १०० बारला ११ लिटरच्या आसपास सांगेल, आणि रोजच्या गाड्यांना ते पुरतं. रंगाच्या पत्र्यावर २०० बारची गरजच नसते. उलट नोझल जवळ नेलं तर आधी टचअप केलेल्या जागेचा रंग उडतो, स्टिकर उचकटतात. चाकाच्या वरच्या कमानीत अडकलेला चिखल निघतो तो पाण्याच्या मापाने, नुसत्या दाबाने नाही. दाब चिखल सुटा करतो, वाहून नेतं ते पाणी. म्हणून पाटी वाचताना बारच्या आधी लिटरचा आकडा वाचायची सवय लावावी. मोठा बार दाखवून कमी लिटर लपवणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे.

मग अशा स्टॉलवर दाब मोजणाऱ्या गेजचा काटा २०० वर कसा जातो? दोन रीती आहेत. पहिली, गनचा ट्रिगर सोडलेला असताना काटा दाखवायचा. गन बंद झाली की अनलोडर व्हॉल्व्ह पाणी परत फिरवतो, पण पाइपात अडकलेला दाब तसाच राहतो आणि काटा वर चिकटून बसतो. तो काम करतानाचा दाब नव्हे. दुसरी, गनच्या तोंडाला बारीक भोकाचं नोझल लावायचं. पाणी कमी, दाब जास्त, आणि जवळून मारलं तर ओला चिखल लगेच निघतो. मोटरवर जादा भार पडतो खरा, पण डेमो पंधरा-वीस सेकंदांचाच असतो, तेवढ्यात ती तापत नाही. सेंटरवर तीच मशीन सलग अर्धा तास चालली की ट्रिप होते किंवा वाइंडिंग जळतं.

त्यामुळे स्टॉलवर तीन गोष्टी मागायच्या. गन दाबून धरा आणि काटा तेव्हा दाखवा. तसंच सलग पाच मिनिटं चालू द्या. आणि याच नोझलने ही बादली भरून दाखवा. १५ लिटर प्रति मिनिट असेल तर २० लिटरची बादली ८० सेकंदांत भरली पाहिजे. बादलीच्या तळाशी गनचं तोंड खाली धरून, पाणी बाहेर उडू न देता मोजायचं, आणि काटा त्याच वेळी कोणीतरी बघायचा. क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) खिशात असेल तर वायरला लावा: ३ एचपी सिंगल फेज मोटर पूर्ण भारावर साधारण १५ अँपिअर घेते. त्याहून बरंच जास्त दिसलं तर मोटर ओढली जातेय. ‘हॉलमध्ये पाणी सांडायची परवानगी नाही’ हे उत्तर आलं, आणि काही ठिकाणी ते खरंही असतं, तर ठीक, मग व्यवहारही हॉलमध्ये होणार नाही. त्यांच्या गोडाऊनला किंवा त्यांचीच मशीन बसवलेल्या सेंटरला जाऊन बघू, एवढंच म्हणायचं.

पंप जवळून बघा. खरं ब्रास हेड वजनदार असतं. हेडच्या खालच्या बाजूला, बोल्टच्या कडेला, जिथे रंग नीट पोहोचत नाही तिथे नखाने खरवडा. पांढरट चंदेरी दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियम हेड म्हणजे टाकाऊ असं नाही, घरगुती वापराला चालतं. पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर दिवसाला वीस गाड्या म्हटल्या की ते आतून खातं, सीलची बैठक खराब होते आणि सीलचं नवं किट टाकूनही गळती थांबत नाही. प्लंजर, म्हणजे आत पाणी ढकलणारे दांडे, सिरॅमिकचे आहेत का, पंप १४५० आरपीएमवर फिरतो की २८०० वर, हे विचारा. कमी आरपीएमचा पंप महाग असतो, पण त्याची सील जास्त टिकतात. पॅकिंग किट (सीलचा संच) आणि व्हॉल्व्ह सेट आत्ता, या स्टॉलवर, पैसे देऊन मिळतो का, हेही विचारा. जो पंप विकतो आणि किट दाखवू शकत नाही, त्याचा पंप पहिल्या गळतीनंतर भंगारात जाणार. गळती कशी कळते, तर ऑइलच्या काचेत बघायचं. ऑइल ताकासारखं पांढरं दिसलं की आत पाणी शिरलं.

मोटरची प्लेट रिव्हेटने ठोकलेली असते. त्यावर किलोवॅट, अँपिअर, आरपीएम आणि सीरियल नंबर असतो. या नंबराचा आणि पंपाच्या नंबराचा फोटो घ्या आणि ऑर्डरच्या कागदावर दोन्ही नंबर लिहून सही-शिक्का मागा: ‘हीच मशीन किंवा याच मॉडेलची, याच पंपाची’. वरच्या व्यवहारात प्रोफॉर्मावर फक्त ‘कार वॉशर, १ नग’ एवढंच होतं. दाखवलेली एक आणि पाठवलेली दुसरी, हे सिद्ध करायला मालकाकडे मडगार्डच्या व्हिडिओपलीकडे काही नव्हतं.

फुकटच्या फोम टाकीबद्दल. विक्रेता लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही, म्हणून ३०४ स्टील, म्हणजे सहसा न गंजणारा चांगला ग्रेड. हा पुरावा नाही. २०२ ग्रेडलाही लोहचुंबक चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, क्षाराच्या फोममध्ये ते वेल्डिंगपाशी लवकर गंजतं. दोन्हींतला फरक ओळखायला थेंब टाकून रंग बघायची टेस्टिंग किट मिळते, भंगारवाल्यांकडेही असते. ही टाकी कॉम्प्रेसरच्या हवेने भरायची असते, तेव्हा पत्रा पातळ आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर शेजारी उभं राहणाऱ्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेली टाकी फुकटही घेऊ नका.

केमिकलच्या स्टॉलवर काचेवरचे पाण्याचे डाग एका पुसण्यात घालवून दाखवतात. त्यात फ्लोराइडचं अ‍ॅसिड असू शकतं, ते काच खातं आणि हातमोज्याशिवाय वापरलं तर कातडीतून आत हाडापर्यंत जातं. सेफ्टी डेटा शीट मागा. नाही म्हणाले तर कॅन उचलू नका.

आता पैशांची बाजू. क्यूआर स्कॅन केल्यावर जे नाव दिसलं ते एका व्यक्तीचं होतं, फर्मचं नाही. थांबायची जागा तीच होती. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गुजरात २४, दिल्ली ०७), पुढची दहा अक्षरं पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये हा नंबर टाकला की नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि रिटर्न भरलेत का, हे फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. त्यात नोंदणीचा प्रकार ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ असा दिसला तर नीट लक्ष द्या. परराज्यातून फक्त प्रदर्शनापुरतं विकायला येणाऱ्याला ही तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. ती कायदेशीरच आहे, पण मुदत जास्तीत जास्त ९० दिवस, वाढवून आणखी ९०. वॉरंटी वर्षाची आणि नोंदणी तीन महिन्यांची, हे जुळत नाही. अशा वेळी त्याच्या मूळ राज्यातला कायमचा जीएसटी नंबर आणि पत्ता मागून तो तपासा. प्रोफॉर्मा म्हणजे पक्कं बिल नव्हे. तुमची जीएसटी नोंदणी असली तरी १८ टक्क्यांचं क्रेडिट तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवरच्या खरेदी-क्रेडिटच्या पत्रकात) दिसतं ते विक्रेत्याने टॅक्स इन्व्हॉइस काढून रिटर्न भरलं तरच.

टोकन द्यायचंच असेल तर फर्मच्या चालू खात्यावर किंवा क्रेडिट कार्डने द्या. कार्डच्या व्यवहारात माल वेगळा आला तर बँकेकडे वाद नोंदवता येतो, यूपीआयवर गेलेले पैसे परत ओढणं फार अवघड.

काही स्टॉलवर ‘३५ टक्के सबसिडी करून देतो’ म्हणून फाइलचे पाच-सात हजार घेतात. ३५ टक्के हा पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार कर्ज योजनेमधला ग्रामीण भागातल्या विशेष प्रवर्गाचा दर आहे आणि तो नव्या उद्योगाला मिळतो. चालू सेंटरला नवा पंप घ्यायला तो मिळत नाही. पीएमईजीपी किंवा मुद्राचं आधीचं कर्ज फेडलेलं युनिट असेल तर विस्तारासाठी दुसऱ्या कर्जाची सोय आहे, पण तिथे सबसिडी १५ टक्के. अर्ज ऑनलाइन आणि विनामूल्य असतो.

माल ट्रान्सपोर्टला आला की सही करण्याआधी खोका तिथेच उघडायचा आग्रह धरा. हमाल घाई करतील. उघडू देत नसतील तर बिल्टीवर ‘माल तपासलेला नाही’ असं लिहून सही करा, आणि सेंटरवर खोका फोडताना सुरुवातीपासून एकसंध व्हिडिओ काढा: आधी खोक्यावरचं लेबल, मग सील, मग प्लेट, मग बादली आणि घड्याळ एकाच चौकटीत.

फसवणूक झालीच तर पैसे ऑनलाइन गेलेत म्हणून त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद करा, जितका उशीर तितकं खातं रिकामं. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकावं लागतं. लेखी तक्रारीत दाखवलेली आणि पाठवलेली मशीन वेगळी असल्याचे फोटो जोडून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा उल्लेख करा, जुनं ४२० तेच. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. धंद्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही असं समोरचा वकील म्हणेल, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली मशीन त्यातून वगळलेली नाही. तक्रारीत हे स्पष्ट लिहा: सेंटर मी स्वतः चालवतो, उपजीविका यावरच आहे. तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा आणि बिलावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. पाकीट परत आलं तर ते न फोडता जपून ठेवा.

आणि मिस्त्री कितीही म्हणाला तरी तोपर्यंत पंप उघडू देऊ नका. हेडचा एक बोल्ट जरी सैल केलेला दिसला तरी समोरचा म्हणतो, आतला माल तुम्हीच बदलला. पंप पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवा, सेंटर भाड्याच्या किंवा जुन्या पंपावर चालवा, आणि उघडायचाच झाला तर पंचनाम्यात किंवा आयोगाने नेमलेल्या माणसासमोर उघडा.