कोर्सेअर ४०००डी की ४०००डी एअरफ्लो?

2020 मध्ये आलेल्या या दोन्ही मिड-टॉवर कॅबिनेटचा, म्हणजे कॉम्प्युटरचे भाग बसवायच्या मध्यम आकाराच्या उभ्या पेट्यांचा, सांगाडा एकच आहे. 360 मिमीपर्यंत लांबीचं ग्राफिक्स कार्ड (चित्रं आणि गेम्स हाताळणारा भाग), सीपीयूला (मुख्य प्रोसेसरला) थंड ठेवणारा 170 मिमीपर्यंत उंचीचा कूलर, मदरबोर्डमागे (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डामागे) वायरींसाठी 25 मिमी जागा, सोबत 120 मिमीचे दोन पंखे. फरक फक्त पुढच्या पत्र्याचा.

साध्या ४०००डीचा पत्रा सपाट, दिसायला देखणा. पण हवा फक्त कडेच्या फटींतून येते. एअरफ्लोचा पत्रा जाळीदार असल्याने पंख्यांना थेट हवा मिळते. तापणारं ग्राफिक्स कार्ड असेल तर मी एअरफ्लोच घ्यायला सांगेन. धुळीची जाळी मात्र अधूनमधून धुवायलाच हवी.

जोडणी दोन्हींची सारखीच. मदरबोर्ड बसवण्याआधी सीपीयूची पॉवर केबल वरच्या कोपऱ्यातून ओवून घ्या, नंतर तिथे बोटं शिरत नाहीत.