ऑडिओमॉथ : देवराईत ठेवलेला कान

राधानगरीजवळच्या आमच्या देवराईत पावसाळ्याचे दोन महिने हे काडेपेटीएवढं, आवाज टिपणारं यंत्र झाडाला बांधून ठेवलं. तीन पेन्सिल सेल, एक मेमरी कार्ड, बस्स. संगणकावरून वेळ लावून दिली की दर तासाला पाच मिनिटं आपोआप रेकॉर्डिंग. आम्ही इतकी वर्षं सकाळी सात ते दहा पक्षी मोजायचो. उजाडण्याआधीची शीळकरी कस्तुराची शीळ, मध्यरात्रीचे बेडूक आमच्या वहीत कधी आलेच नव्हते! ऐकताना अंगावर काटा आला. आवाजाचे नमुने घेण्याचा वेग (सॅम्पल रेट) ३८४ किलोहर्ट्झवर लावला तर आपल्याला ऐकू न येणारी वटवाघळंही सापडतात, पण कार्ड भराभर भरतं. कोल्हापुरात वेगळी घेतलेली प्लास्टिकची डबी मात्र गळकी निघाली, एक कार्ड गेलं. झाकणाला सिलिकॉन लावाच. पुढच्या जूनसाठी दुसरं यंत्र मागवलंय, ओढ्याकाठी बांधायला.