मिसळीचं पार्सल कशात घ्यावं? नाशिकमध्ये मिळणाऱ्या पिशव्या-डब्यांचं परीक्षण

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या कुठल्याही मिसळीच्या हॉटेलात बसून खाणारे जितके, जवळपास तितकेच पार्सल नेणारे. चवीबद्दल नाशिककरांना वेगळं काही सांगायला नको. हे परीक्षण मिसळ ज्यात घरी येते त्या वस्तूंचं आहे.

प्लॅस्टिकमध्ये मूळ पॉलिमरखेरीज, म्हणजे मुख्य प्लॅस्टिक द्रव्याखेरीज, बरंच काही घातलेलं असतं. मऊपणासाठी, रंगासाठी, उष्णतेत टिकावं म्हणून, पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. ही रसायनं पॉलिमरशी घट्ट जोडलेली नसतात, त्यामुळे ती हळूहळू अन्नात उतरतात. उष्णता, तेल, आंबटपणा आणि वेळ या चार गोष्टींनी हे उतरणं वाढतं. यातली बरीच रसायनं पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतात. मिसळीचा रस्सा भगोण्यातून थेट कढत येतो, वर तर्रीचा थर असतो आणि सिडको किंवा नाशिकरोडला पोचेपर्यंत अर्धा तास सहज जातो. म्हणून थंड दह्याला चालणारा डबा तर्रीला चालेलच असं नाही.

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे रबर लावून दिलेली पिशवी. पातळ आणि कुरकुर वाजणारी असेल तर ती एचडीपीईची, मऊ असेल तर एलडीपीईची; दोन्ही पॉलिथिनचेच प्रकार. एलडीपीई ११० अंशांच्या आसपास वितळतं, पण लुळं त्याच्या बरंच आधी पडतं. कढत रस्सा ओतताना नीट बघा. पिशवी लगेच सैल होते आणि गाठीखालचा भाग ताणून पातळ होतो. चांगल्या प्रतीच्या पॉलिथिनमध्ये बीपीए (बिस्फेनॉल ए) किंवा प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट ही रसायनं लागतच नाहीत, हे खरं. पण हातातली पिशवी कुठल्या प्लॅस्टिकच्या दाण्यापासून केली आहे, हे गल्ल्यावर कुणालाच सांगता येत नाही. पिशवी रंगीत किंवा काळी असेल तर भंगारातल्या प्लॅस्टिकची शक्यता मोठी, आणि त्या भंगारात आधी काय होतं याचा पत्ता नाही. दोन पिशव्या एकात एक घातल्या तर गळती थांबते, आतल्या थराशी तेलाचा संबंध तसाच राहतो. शिवाय कॅरीबॅगवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

पारदर्शक, झाकणाचा डबा बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा, म्हणजे पीपीचा असतो. उलटा करून तळ बघा: त्रिकोणात ५ आणि शेजारी ग्लास-काट्याचं चिन्ह हवं. पीपी १६० अंशांच्या वर वितळतं, त्यामुळे गरम रस्सा त्यात निभतो, आणि हॉटेलनं दिलेल्या प्लॅस्टिकपैकी हाच त्यातल्या त्यात बरा. अन्नाला लागणाऱ्या पीपीसाठी आयएस १०९१० हे भारतीय मानक आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. तळावर १ असेल तर तो पेटचा (PET), म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकचा डबा. तो ७०-७५ अंशांना मऊ पडतो, म्हणून त्यात फक्त दही-कांदा घ्या. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. त्यातलं स्टायरीन तेलात उतरतं आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आहे. ६ आकडा किंवा थर्माकोलची वाटी दिसली की सरळ परत करा.

पीपीच्या डब्याची खरी वाट घरी लागते. रस्सा त्यातच मायक्रोवेव्हमध्ये गरम होतो, उरलेला त्यातच फ्रीजमध्ये जातो, मग तोच डबा घासून पुन्हा वापरात येतो. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३ मधल्या अभ्यासात, मायक्रोवेव्हमध्ये ३ मिनिटं तापवलेल्या काही प्लॅस्टिक डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून ४२ लाखांपर्यंत मायक्रोप्लॅस्टिकचे, म्हणजे प्लॅस्टिकचे अतिबारीक कण सुटले. त्याहूनही बारीक, नॅनो आकाराचे कण तर २०० कोटींच्या घरात होते. 'मायक्रोवेव्ह सेफ' या छापाचा अर्थ बहुतेक वेळा डबा वितळणार नाही एवढाच. तर्रीनं केशरी झालेला डबा कितीही घासला तरी पांढरा होत नाही, कारण तेल आणि तिखटाचा रंग प्लॅस्टिकच्या आत शिरलेला असतो. असा डबा गरम पदार्थाला पुन्हा वापरू नका. सुट्टे खिळे, बटणं ठेवायला ठीक आहे.

काळा डबाही बहुधा पीपीचाच. पण काळ्या रंगामागे भंगारातला माल लपतो. काळ्या प्लॅस्टिकच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंत जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानातली ब्रोमीनयुक्त अग्निरोधकं, म्हणजे सामान पेटू नये म्हणून घातलेली रसायनं, सापडलेली आहेत. पारदर्शक मिळत असताना काळा घेऊ नये.

कागदी वाटी बरी, असं अनेकांना वाटतं. तिला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना कागदी कपातल्या १०० मिलिलिटर गरम पाण्यात १५ मिनिटांत सुमारे २५,००० सूक्ष्म कण मिळाले. फॉइलचा डबा अर्ध्या तासाला चालतो, पण लिंबू पिळलेला रस्सा त्यात रात्रभर ठेवू नये.

एका पार्सलनं कुणी आजारी पडणार नाही. प्रश्न दर आठवड्याच्या सवयीचा आहे. थॅलेट आणि बिस्फेनॉल शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि गरोदर बाई, तान्हं बाळ, वाढत्या वयाची मुलं यांना त्याचा धोका अधिक. त्यांच्यासाठी तरी काटेकोर राहा.

आमचं मत स्वच्छ आहे: घरचा स्टीलचा डबा न्या. चार जणांच्या लिटरभर रश्शासाठी दीड लिटरचा, क्लिपच्या झाकणाचा डबा घ्या. ऑर्डर देतानाच काउंटरवर डबा द्या, पार्सल बांधून झाल्यावर नाही. रस्सा काठापासून दोन बोटं खाली भरायला सांगा आणि दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, नाहीतर आतल्या वाफेच्या दाबानं कडेनं तर्री गळते. झाकण प्लॅस्टिकचं असेल तर रस्सा त्याला टेकू देऊ नका, डबा गाडीत आडवा ठेवू नका. झाकणातली रिंग सिलिकॉनची असावी. चिकट झालेली किंवा वास येणारी रिंग बदला. मटकी-फरसाणाला दुसरा छोटा डबा न्या. फरसाण वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका, छपाईची शाई तेलाला लागते. पाव कोरडे आणि गार असतात, ते पिशवीत आले तर बिघडत नाही.

डबा विसरलात आणि पिशवीच मिळाली, तर घरी पोचताच रस्सा पातेल्यात ओता. तेलकट पिशवी भंगारवाला घेत नाही. ती खळखळून धुवून, वाळवून घंटागाडीत सुक्या कचऱ्यात टाका. धुतली नाही तर बाकीचा सुका कचराही तेलकट होतो आणि तोही कामातून जातो. थंडीत शेकोटीत किंवा पाण्याच्या बंबात मात्र ती घालू नका. जळणाऱ्या ढिगात पीव्हीसी प्लॅस्टिकचा एखादा तुकडा असला तरी धुरातून डायऑक्सिन हे विषारी रसायन निघतं.