नाताळचे जेवण मागवताना काय घ्यावे, काय घरीच करावे: वसईच्या एका घरगुती स्वयंपाकघराचा अनुभव

गेल्या नाताळात आमच्या घरी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेले जेवण पानात वाढले गेले. आईच्या बोटांचे सांधे आता इतके दुखतात की फुग्यांसाठी, म्हणजे नाताळच्या जेवणातल्या मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांसाठी, दोन किलो मैदा फेटणे तिला शक्य नाही, आणि मी पुण्यात नोकरी करत असल्याने आठवडाभर आधीपासून तयारीला बसणे मला जमत नाही. त्यामुळे वसई तालुक्यातील एका गावात दोन जावा मिळून घरूनच जे नाताळचे जेवण करून देतात, ते बारा माणसांसाठी मागवले. ईस्ट इंडियन पद्धतीचे जेवण घरपोच मिळावे असे वाटणारी कुटुंबे आता बरीच आहेत, आणि मागवण्यापूर्वी कोणीतरी एकेक पदार्थ नीट पारखून सांगावा अशी माझी स्वतःचीच इच्छा होती. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या जेवणाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडी माहिती देते. मुंबई, साष्टी, ठाणे आणि वसई या भागातील मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, त्यांनी हे नाव घेतले. गोवा आणि मंगळूरहून मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांपेक्षा आपली ओळख वेगळी असावी हा त्यामागील हेतू होता. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. ‘नाताळ’ हा शब्दही त्यांचाच, आणि मांस शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) मुरवण्याची रीतही त्यांचीच. मात्र त्या शिरक्यात जो मसाला पडतो तो पूर्णपणे इथला आहे, आणि आमच्या नाताळच्या जेवणाचा बरावाईट निकाल त्या मसाल्यावरच ठरतो.

हा बाटली मसाला पावसापूर्वी, एप्रिल-मे महिन्यात केला जातो. काश्मिरी आणि बेडगी मिरची, हळद, धणे, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर, तिरफळ, मायपत्री असे वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा, मग कांडून-चाळून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणजे उजेड लागून वास उडत नाही. त्यात भाजलेले गहू आणि हरभराही पडतात, त्यामुळे रस्स्याला वेगळे वाटण लावावे लागत नाही. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते आणि ते सहसा कोणी सांगत नाही. या जावा मसाला विकत आणत नाहीत, मे महिन्यात स्वतः करतात, हे त्यांनी फोनवरच सांगितले होते, पण डबा उघडल्यावर ते सांगण्याची गरजच उरली नाही. आमच्या घरच्या मसाल्यात तीळ पुढे असतात, त्यांच्या मसाल्यात मिरी आणि तिरफळ पुढे होते. मला तो तिखटपणा आवडला. आईच्या मते तिरफळ थोडे जास्त झाले होते.

सोरपोतेल हा या जेवणाचा कणा आहे आणि त्यांनी तो उत्तम सांभाळला आहे. डुकराचे मांस आणि काळीज आधी अखंड उकडून घ्यायचे, गार झाल्यावर हरभऱ्याएवढे बारीक चिरायचे, त्याच्याच चरबीत परतायचे आणि शिरक्यात वाटलेल्या मसाल्यात मंद आचेवर शिजवायचे, असा हा वेळखाऊ पदार्थ आहे. घाईत असलेले लोक मांस यंत्रातून काढतात किंवा मोठे तुकडे ठेवतात. पहिल्या प्रकारात त्याचा खिमा होतो, आणि दुसऱ्यात आंबट रस तुकड्याच्या आतपर्यंत पोहोचत नाही. आईने बशीत चमचाभर सोरपोतेल घेऊन एकेक तुकडा चमच्याच्या पाठीने बाजूला सारून पाहिला: मांस वेगळे, काळीज वेगळे, चरबीचा पातळ पापुद्रा वेगळा, आणि सगळे तुकडे जवळजवळ एकाच मापाचे. ‘हे हाताने चिरलेलं आहे,’ एवढेच ती म्हणाली, आणि तिच्याकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

त्यांनी हे सोरपोतेल २१ डिसेंबरला शिजवले होते आणि आमच्याकडे ते २३ तारखेला आले. डब्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: रोज एकदा चांगली उकळी आणा, पाणी घालू नका, २५ तारखेआधी वाढू नका. ही सूचना ज्यांना अनावश्यक वाटेल त्यांनी ती जरूर पाळावी. आल्या दिवशी चव घेतली तेव्हा ताडीच्या शिरक्याचा आंबटपणा जिभेच्या टोकाला बोचत होता. दोन दिवसांनी तोच शिरका मसाल्यात इतका मिसळून गेला की आंबट कोणते आणि तिखट कोणते हे वेगळे सांगता येईना. शिरका आणि मसाल्यामुळे हा पदार्थ टिकतोही आणि सुधारतोही, त्यामुळे बाहेरून मागवण्यास याच्याइतका योग्य दुसरा पदार्थ नाही. किलोला ९५० रुपये ही किंमत मेहनतीच्या मानाने रास्तच म्हणावी लागेल.

बदकाचे मोईल, म्हणजे बदकाचा मसालेदार रस्सा, हे दुसरे यश. बदक जून निघाले तर कितीही शिजवले तरी हाडाला चिकटून राहते, आणि पिसांची खुंटे नीट काढली नाहीत तर पहिल्याच घासाला मन उतरते. येथे कातडी अगदी स्वच्छ होती, मांस मऊ होते, आणि कांदा, आले, लसूण व बाटली मसाल्याच्या रस्स्यावर बदकाची तेलकट तर्री पातळ, लालसर अशी तरंगत होती. एकच उणीव म्हणजे प्रवासात बटाट्यांचा लगदा झाला. बटाटे वेगळे तळून द्यावेत आणि गरम करताना घालण्यास सांगावे, असे मी त्यांना कळवले आहे. ज्यांच्याकडे बदक खात नाहीत त्यांच्यासाठी या जावा तोच रस्सा कोंबडीचा करून देतात.

आता फुग्यांविषयी. हे मला स्पष्टपणे लिहावेच लागेल, कारण आम्ही ५० फुग्यांचे ३५० रुपये दिले आणि ते जवळजवळ वाया गेले. गोव्यात सोरपोतेल सान्नांबरोबर, म्हणजे तांदळाच्या इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाबरोबर खातात, आमच्याकडे फुग्यांबरोबर. मैदा, अंडी, नारळाचे दूध, किंचित साखर आणि यीस्ट, पूर्वी यीस्टऐवजी ताडी, असे ते सैलसर पीठ असते. ते हाताच्या पंजाने उचलून उचलून आपटायचे, इतके की शेवटी पीठ बोटांना चिकटेनासे होते आणि भांड्यात फट्फट असा आवाज येऊ लागतो. मग ते तीन-चार तास फुगू द्यायचे. तळताना पीठ डाव्या मुठीत धरून अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर काढायचा आणि ओल्या बोटांनी अलगद तेलात सोडायचा. पीठ जमून आले असेल तर गोळा टम्म फुगतो आणि तेलात आपोआप उलटतो. आतून पोकळ आणि वरून सोनेरी असा तो फुगा त्याच दिवशी खायचा असतो. त्याला दुसरा दिवस नसतो.

या जावांचे पीठ चांगले असणार याबद्दल मला शंका नाही, कारण फुगे आतून पोकळ होते आणि नारळाच्या दुधाची गोडीही लागत होती. परंतु २३ तारखेला आलेले फुगे नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंतच चामट झाले. इडलीपात्रात वाफवून पाहिले तर मऊ झाले, पण पाच मिनिटांत पुन्हा आखडले. वसईत किंवा बोरिवलीपर्यंत राहणाऱ्यांना या जावा २५ तारखेच्या सकाळी ताजे फुगे पोहोचवतात, आणि त्या गिऱ्हाइकांचा अनुभव कदाचित वेगळा असेल. पुणे, नाशिक अशा दूरच्या गावी मात्र त्यांनी फुग्यांची मागणी घेऊच नये, आणि घेतली तर फुगे किती तासांत खावेत हे आधी सांगावे. सोरपोतेलाच्या डब्यावर इतकी नेमकी चिठ्ठी लावणाऱ्यांनी फुग्यांच्या पिशवीवर एक अक्षरही लिहू नये, याचे मला खरोखर वाईट वाटले.

शेवटी चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून (नाताळच्या प्रार्थनेहून) परतल्यावर भाचीने आणि मी अर्धा किलो मैदा भिजवला. आई खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून सांगत होती, अजून नाही, अजून नाही, आता झालं. पहिले आठ-दहा गोळे वेडेवाकडे पडले आणि एकाला शेपूट निघाली, पण दुपारी जेवताना तेच आधी संपले.

गोडाच्या पदार्थांबद्दल थोडक्यात सांगता येईल. कुलकुल, म्हणजे पिठाच्या वळलेल्या तळलेल्या गोड शिंपल्या, खुसखुशीत होते आणि त्यांवर फणीच्या दात्यांच्या रेघा स्पष्ट उमटलेल्या होत्या. नेवऱ्या साधारण होत्या, घरोघरच्या करंजीहून वेगळे काही त्यांत नव्हते. रवा, नारळ, अंडी आणि लोण्याची थाळी स्वीट मात्र कडेला खरपूस आणि मध्ये ओलसर अशी भाजलेली होती, ती अवश्य मागवावी. मार्झिपान, म्हणजे काजू-साखरेची मिठाई, मागवू नये, कारण त्यात काजू कमी, साखर जास्त आणि इसेन्सचा वास उग्र होता.

पोहोचवण्याच्या व्यवस्थेबद्दल तक्रार आहे. पुण्यापर्यंतचे सामान या जावा भाड्याच्या गाडीवाल्याकडे सोपवतात. तो सांगितलेल्या वेळेपेक्षा अडीच तास उशिरा आला, आणि मोईलच्या डब्याचे झाकण सैल असल्याने रस्सा सांडून नेवऱ्यांच्या पुडक्यापर्यंत गेला होता. फोन केल्यावर थोरल्या जाऊबाईंनी कोणतीही सबब न सांगता नेवऱ्यांचे पैसे परत केले, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

मागणी १ नोव्हेंबरपासून १० डिसेंबरपर्यंत घेतात आणि निम्मे पैसे आधी द्यावे लागतात. यंदासाठी मी दोन किलो सोरपोतेल, एक अख्ख्या बदकाचे मोईल आणि दोन थाळी स्वीट सांगून ठेवले आहे, आणि फुग्यांचा मैदा घरीच भिजणार आहे. आईने त्यांच्याकडून अर्धा किलो बाटली मसालाही मागवायला लावला, पण त्याआधी फोन स्वतःच्या हातात घेऊन तिरफळ जरा कमी घाला म्हणून सांगितले. तिकडून उत्तर आले, ‘मावशी, मे महिन्यात तुम्हीच या, तुमच्यासमोर कांडू.’ आईने जायचे ठरवले आहे.