पार्ट (एकेका वाद्याचं वेगळं नोटेशन) काढायला म्यूझस्कोर की डोरिको?

2024 मध्ये फिनाले हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर बंद होणार असं जाहीर झालं तेव्हापासून पुण्यातले अरेंजर हेच विचारतायत, कारण ही दोन्ही तसलीच सॉफ्टवेअर. म्यूझस्कोर फुकट आहे, स्कोरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या एकत्र नोटेशनमध्ये) सूर बदलला की व्हायोलिनच्या पार्टमध्येही आपोआप बदलतो, कॉलेजच्या ग्रुपला एवढं बास झालं. पण बालगंधर्वला अख्खा शो असेल ना तर मी डोरिकोच म्हणेन, कारण त्यात प्रत्येक गाणं वेगळा फ्लो (स्वतंत्र विभाग) म्हणून एकाच फाईलमध्ये बसतं, आणि फ्लूटवाला मध्येच पिकोलो (छोटा फ्लूट) उचलणार असेल तर दोन्ही वाद्यं एकाच प्लेयरला (म्हणजे वादकाला) द्यायची, पार्ट एकच निघतो. म्यूझस्कोरातही इन्स्ट्रुमेंट चेंज टाकून जमतं, पण शक्यतो गाण्यागणिक फाईल वेगळी, प्रिंट काढताना नुसता वैताग. डोरिको प्रो महाग आहे मात्र, शिकायलाही वेळ जातो, चार जणांच्या क्वायरसाठी घेऊच नका.