दोन पात्यांचे पॅडल आणि कीयर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी मी रेडिओवर मोर्स संकेत, म्हणजे टिंब-रेघांचे संदेश, हाताने ठोकण्याची माझी साधी की बाजूला ठेवली आणि दोन पात्यांचे पॅडल व त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक कीयर, म्हणजे पाते दाबताच टिंबे आणि रेघा आपोआप काढणारे यंत्र, वापरायला सुरुवात केली. साध्या कीवर मिनिटाला १८ शब्दांच्या पुढे माझा हात जात नव्हता, आणि जबरदस्तीने वेग वाढवला की वीस मिनिटांतच मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू आखडायचे. आज मी ३० शब्दांच्या वेगाने तासभर संभाषण करू शकते आणि हात दुखत नाही. एवढ्या एका कारणासाठीही ही खरेदी मला योग्य वाटते. मात्र वेगवान मोर्समधल्या ज्या अडचणी यंत्र दूर करील असे मी धरून चालले होते, त्यांतल्या निम्म्या तशाच राहिल्या.

मोर्सचा वेग 'पॅरिस' या शब्दावरून मोजतात. एक एकक म्हणजे एका डिटची, म्हणजे टिंबाची, लांबी; शेवटच्या मोकळ्या जागेसह हा शब्द ५० एककांचा होतो, आणि त्यामुळे १२०० ला मिनिटातील शब्दसंख्येने भागले की एका डिटची लांबी मिलिसेकंदांत मिळते. २० शब्दांना ती ६० मिलिसेकंद असते, ३० ला ४० आणि ४० ला अवघी ३०. डा, म्हणजे रेघ, याच्या तिप्पट. हाताने इतकी लहान टिंबे दर वेळी सारखी काढणे जवळपास अशक्य असते. कीयर मात्र ती अचूक मापाने काढतो, आपण फक्त डावे पाते दाबायचे की उजवे एवढेच ठरवायचे. दोन्ही पाती एकदम दाबून धरली की डिट आणि डा आळीपाळीने निघत राहतात, म्हणून 'सी'साठी (डा-डि-डा-डिट) चार वेगळ्या हालचाली न करता एकच चिमूट पुरते.

या चिमटीनेच मला पहिले दोन महिने छळले. माझ्या रेडिओ संचातला अंगभूत कीयर 'ए' पद्धतीचा होता आणि बोटांना तीच सवय लागली होती. 'ए' पद्धतीत दोन्ही पाती सोडल्यावर चालू असलेले चिन्ह पूर्ण होते आणि कीयर थांबतो; 'बी' पद्धतीत त्यानंतर विरुद्ध जातीचे आणखी एक चिन्ह आपोआप निघते. नवा कीयर मुळात 'बी' वर ठेवलेला होता आणि सोबतच्या पत्रकात त्याचा उल्लेख एका ओळीपुरता होता. परिणामी माझे बोलणे संपवून मी समोरच्याला 'आता तुम्ही पाठवा' या अर्थाचा 'के', म्हणजे डा-डि-डा, देत असे आणि हवेत जात असे डा-डि-डा-डिट, म्हणजे 'सी'. समोरचे ऑपरेटर मी पुढे काहीतरी पाठवणार या समजुतीने थांबून राहायचे, आणि मी त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसायची. दोष माझ्या बोटांचा आहे असे समजून मी कितीतरी संध्याकाळी नुसते 'के' गिरवले. कीयर 'ए' वर आणताच तो त्रास त्याच दिवशी संपला. नवीन कीयर घेणाऱ्याने सर्वांत आधी हीच गोष्ट तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन.

यंत्राच्या बांधणीबद्दल माझी तक्रार आहे. पायथा हलका असल्यामुळे जोर लागला की पॅडल टेबलावर सरकत असे. शेवटी मी ते एका जाड लोखंडी पट्टीवर पक्के केले. संपर्कबिंदूंमधले अंतर मी साध्या कागदाच्या जाडीइतके ठेवते, पण ते राखणारा स्क्रू महिन्या-दीड महिन्यात ढिला होतो आणि मग न दाबताही एखादा डिट निसटतो. बिंदूंमधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढून ते पुसण्याची सवय मात्र चांगली लागली.

वेग वाढला तशी प्रेषकाची उणीवही उघडी पडली. की दाबल्यापासून माझ्या संचाचा रिले (प्रेषण सुरू करणारा विद्युत-स्विच) उचलला जाईपर्यंत पहिल्या चिन्हाचे काही मिलिसेकंद कापले जात होते. १८ शब्दांना ते कधी जाणवले नव्हते, पण ४० मिलिसेकंदांच्या डिटमधून १० गेले की एक चतुर्थांश डिट गेला. सुरुवातीचा चार डिटांचा 'एच' ऐकणाऱ्याला कधी कधी तीन डिटांचा 'एस' वाटायचा तो यामुळेच. कीयरमध्ये पहिल्या चिन्हाआधी थोडा विलंब ठेवण्याची सोय होती, ती वापरल्यावर हे थांबले.

आता सर्वांत महत्त्वाचे. कीयर अक्षराच्या आतले डिट, डा आणि त्यांमधली एका एककाची फट सांभाळतो. दोन अक्षरांमधली तीन एककांची आणि दोन शब्दांमधली सात एककांची जागा मात्र, निदान माझ्या कीयरवर, आपल्यालाच सोडावी लागते. चौथ्या महिन्यात मी माझेच प्रसारण ध्वनिमुद्रित करून ऐकले. अँटेनासाठी मी 'ए', 'एन', 'टी' ही तीन अक्षरे पाठवली होती, पण 'ए'चे डि-डा आणि 'एन'चे डा-डिट एकमेकांना चिकटून 'पी' झाले होते, आणि ऐकू येत होते 'पी', 'टी'. प्रत्येक डिट निर्दोष होता, तरीही शब्द चुकला होता. त्या दिवसापासून मी पाठवण्याचा वेग ३२ वरून २६ वर आणला आणि जागा पुरेशी सुटू लागल्यावरच तो हळूहळू वाढवला.

कानाचेही असेच आहे. २५ च्या आसपास हाताने उतरवून घेणे माझ्या बाबतीत थांबलेच. त्यापुढे अक्षरे सुटी न ऐकता अख्खा शब्द एका नादासारखा ओळखावा लागतो आणि वाक्य मनातच धरावे लागते. १९३९ मध्ये अमेरिकन तारयंत्रचालक टेड मॅकेलरॉय यांनी मिनिटाला ७५.२ शब्द ग्रहण करून टंकलेखन यंत्रावर उतरवले होते. त्या वेगाला एक डिट १६ मिलिसेकंदांचा असतो, आणि आता तो आकडा वाचताना मला त्यांच्या कानांबद्दल पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आदर वाटतो.

ज्यांना २० शब्द सहज ऐकू येतात पण हात तिथवर पोहोचत नाही, त्यांनी दोन पात्यांचे पॅडल जरूर घ्यावे, फक्त जड पायथ्याचे पाहून घ्यावे. ज्यांचा कान अजून १२ शब्दांवर अडखळतो, त्यांनी तूर्त थांबावे, कारण जे ऐकू येत नाही ते पॅडलवरून बिनचूक पाठवता येत नाही. मी स्वतः अजूनही रोज दहा मिनिटे ध्वनिमुद्रण करते आणि चिकटलेली अक्षरे मोजते. ३० च्या वेगाला 'ए' आणि 'एन' आता सुटे येतात, ३२ ला अजून कधी कधी चिकटतात.