चवथीपासून पावसापर्यंत: ई-रीडरचे नऊ महिने

गेल्या गणेश चवथीला धाकट्या भावाने सहा इंची ई-इंक रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, माझ्या हातात ठेवला. "ताई, परत वाचायला लाग," एवढंच म्हणाला. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. काचबिंदूने तिची नजर गेली तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. ती गेल्यावर पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर घसा दाटून यायचा, मनातल्या मनात वाचतानासुद्धा. हळूहळू उघडणंच सुटलं.

नऊ महिने थांबून लिहिते आहे, कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर "घेऊ नका" असं सांगितलं असतं. तेव्हा मी त्यात शे-सव्वाशे पुस्तकं भरली आणि रात्री नुसती मुखपृष्ठं चाळत बसायचे. हे दोन पानं, ते दोन पानं. महिनाभरात एकही पुस्तक पुढे सरकलं नाही.

मी गोव्यात चोडण बेटावर राहते, नोकरी पणजीत. संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघायची आणि मांडवी ओलांडायची, यात रोज वीस-पंचवीस मिनिटं जातात. ती सगळी मोबाइलच्या पोटात जायची. एके दिवशी रीडरमधली सगळी पुस्तकं काढून टाकली, एकच कथासंग्रह ठेवला आणि ठरवलं: वाचायचं ते धक्क्यावर आणि बोटीत, घरी नाही. घरातली जेवणानंतरची वेळ आईची होती. तिथेच जाऊन वाचायचा हट्ट मी इतके दिवस करत होते आणि तिथेच अडत होते. बोटीत आम्ही कधी एकत्र वाचलं नव्हतं, म्हणून तिथे जमलं. तो संग्रह संपायला पाच आठवडे लागले. तीन वर्षांनी पुरं केलेलं ते पहिलं पुस्तक. उतरताना धक्क्यावर मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले.

या कामासाठी हे यंत्र खरंच सोयीचं आहे. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हातात मावतं. नदीवरच्या वाऱ्याने पानं फडफडत नाहीत. पडद्याखाली काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात आणि पान उलटतानाच ते जागा बदलतात. त्यामुळे पान नुसतं समोर असताना वीज जवळजवळ लागत नाही. दिवा कडेने पडद्यावर पडतो, डोळ्यांत घुसत नाही. उन्हात अक्षर आणखी ठळक दिसतं. रोज वीस-पंचवीस मिनिटं वाचून माझं चार्जिंग तीन आठवडे पुरतं. आधीच्या पानाची पुसट सावली कधी कधी मागे राहते, पण दोन पानं उलटली की जाते.

मराठीच्या बाबतीत मात्र मन खट्टू होतं. काही पुस्तकांत 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. छापील मराठीवर वाढलेल्या डोळ्यांना ते सारखं टोचतं. मराठी वळणाचा फाँट घातल्यावर बराच फरक पडला. स्कॅन केलेल्या पीडीएफ तर घेऊच नका. त्या छायाचित्रंच असतात, अक्षर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान सरकवावं लागतं. ईपब, म्हणजे अक्षर मोठं केलं तरी ओळी पडद्यात बसवून घेणारं ई-पुस्तक, मिळालं तरच घ्यावं. कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांचं ईपब मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांना खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. पण आजचे लेखक वाचायचे तर विकत घ्यावे लागतात, आणि कितीतरी चांगली मराठी पुस्तकं ई-रूपात येतच नाहीत. प्रकाशकांनी हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

ई-रूपात न मिळणाऱ्या पुस्तकांसाठी जानेवारीपासून पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात पुन्हा जाऊ लागले. १८३२ साली पोर्तुगीज अमलात सुरू झालेलं हे ग्रंथालय, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर, आणि मी इतकी वर्षं त्याच्यासमोरून नुसती जात होते. मराठी कपाटांपुढे उभं राहिल्यावर काय वाचावं हा प्रश्न आपोआप सुटतो. हात एखाद्या पुस्तकावर जातोच. कागदी पुस्तक शनिवार-रविवारी दुपारी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून वाचते, रीडर फेरीबोटीसाठी. आतापर्यंत चौदा पुस्तकं झाली. अर्ध्यावर सोडलेली पाच, आणि ती सोडली याचं वाईट वाटत नाही.

घेणाऱ्यांना एक सांगते: पाण्यापासून बचाव असलेलं मॉडेल घ्या. माझं तसं नाही, म्हणून पाऊस सुरू झाल्यापासून ते चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेते. पिशवीतूनही स्पर्श कळतो, पान उलटतं.

गेल्या आठवड्यात जोराच्या पावसात रात्री वीज गेली. जेवण झालं होतं. मोबाइल उतरला होता, रीडर चालू होता. घरी वाचायचं नाही असं ठरवल्यापासून मी पहिल्यांदाच घरी तो उघडला, आईच्या खुर्चीशेजारी बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. दुसरं पान पार झालं, तिसरंही. मध्येच वीज आली. पंखा फिरायला लागला, तरी मी थांबले नाही. गोष्ट संपायला अजून अकरा पानं होती.